पालकाचा रकाना

देजॉन, चौथा मजला, मंगळवार.
बार्लीचा चहा निवतोय
आणि भिंतीवर एक झाड उलटं टांगलंय,
मूळ वर, फांद्या खाली.
यंत्रांनी यंत्रांशी बोलायचं ते ह्या झाडावर बसून.

कलम नऊ. समाईक गुणधर्म.
म्हणजे पाण्याचा मीटर असो, लिफ्ट असो,
कोबीच्या वाफ्यातला ओल मोजणारा खिळा असो,
प्रत्येकाकडे एवढं तरी हवंच:
नाव. क्रमांक. जन्मवेळ. शेवटचा बदल.
मुदत, कारण यंत्रालाही कधीतरी जायचं असतं.
आणि पालक.

नावावर दीड तास गेला.
मुदतीवर जेवणाची सुट्टी गेली;
मोक सांगह्यन यांचं म्हणणं,
'कायमचं' ही किंमत कुणालाच द्यायची नाही,
ज्यांनी ज्यांनी कायमचं लिहिलं
त्यांचे सर्व्हर त्यांनी स्वतः उचलून नेलेत.
पालकापाशी मात्र कुणी थांबेना.
मसुद्यात दोनच ओळी:
जन्मताना लिहावा, नंतर फक्त वाचावा.
पालक पुसला की त्याखालचं सगळं पुसलं जाईल.
मी टिपणात 'एकमत' लिहायला घेतलं.
ए लिहून झाला होता

तेवढ्यात थाक मिर्यंग म्हणाली, थांबा.

ती कमी बोलते.
तोंग्यंगच्या खाडीत, कालवांच्या शेतांवर
तिचे तीनशे तरंगे पाण्याचं तापमान सांगत असतात.
"समजा, तरंगा दोनशे बारा.
वादळात एका शेतातून सुटला,
दुसऱ्याच्या दोरात अडकला.
मालकांनी आपसात मिटवलं, राहू दे तिकडेच.
आता आपल्या कागदावर काय?
इथला पुसा, तिथे नवा जन्माला घाला.
सहा हिवाळे आहेत त्याच्या पोटात.
पाणी तेच, तरंगा तोच,
आणि वय शून्य?"

कुणी म्हणालं, नक्कल ठेवता येईल.
कुणी म्हणालं, असे किती, हजारात एक.
"हजारात एक," ती म्हणाली,
आणि पेनाचं टोपण लावून बसली.

मग तिने सांगितलं ते टिपणात नाही.
जुन्या वहीत प्रत्येक घराला एक कर्ता लागे,
बाकीचे त्याच्याखाली.
आईबाप वेगळे झाले, आई लेकीला घेऊन निघाली,
लेकीची नोंद काही हलेना.
एका खोलीत, एका रजईत निजणाऱ्या दोघी,
आणि दाखल्यावर लेकीचं आईशी नातं:
'सोबत राहणारी'.
शाळेतल्या बाई चष्मा वर करून म्हणाल्या,
म्हणजे तू भाडं देतेस का गं?
वर्ग हसला. तीही हसली, सगळ्यांत मोठ्यानं.
ती वही पुढे बंद झाली.
आई म्हणाली, बरं झालं,
आणि रोजच्यासारखी कालवं सोलायला गेली.

बराच वेळ नुसता प्रोजेक्टरचा पंखा.
मग मोकच बोलले,
ज्यांच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती.
"माझ्या बागेत पर्सिमनची अकरा झाडं आहेत.
बी पेरलं तर तुरट गोट्या लागतात.
गोड हवं असेल तर फांदी दुसऱ्या बुंध्यावर बांधावी लागते.
फांदीला कुणी विचारत नाही
तुझं वय आता काय धरायचं."

लिहिलं: स्थलांतराची क्रिया असावी.
जन्मवेळ बदलू नये. जुन्या पालकाचा पत्ता
कुठे ठेवायचा, यावर मतभेद.
ठेवायचा का, यावरही.
मिर्यंग म्हणाली, ठेवा, पण सक्ती नको.
वेळ संपली. पुढच्या बैठकीत, बुसानला.

ए खोडला.
खाली खाडीत दोनशे बारा
दर दहा मिनिटांनी सांगत होता,
अकरा अंश. अकरा अंश. पावणेअकरा.